निबंध फोनवर शुद्ध, वहीत अशुद्ध. करायचं काय?

सांगोल्याची बाई (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते. गाव सांगोला तालुक्यातलं, शाळा अनुदानित, नोकरीला १९ वर्षं झाली. प्रश्न जरा लांबडा आहे, पण माझ्यासाठी महत्वाचा आहे, म्हणून सगळंच सांगते.

या जूनमध्ये आमच्या मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं की भाषेच्या शिक्षकांनीही संगणक कक्ष वापरायचा. कक्षात ११ संगणक, त्यातले चालू ८, आणि नववीच्या वर्गात पोरं ६२. म्हणजे एका पडद्यापुढे आठ डोकी. पुढची दोन टाइप करणार, मागची सहा एकमेकांच्या खोड्या काढणार. हा हिशेब मांडला आणि म्हटलं, त्यापेक्षा निबंध घरून लिहून पाठवू देत, आईबापाच्या फोनवरून व्हॉट्सॲपला. संध्याकाळी डाळिंबाच्या बागेतून बाप घरी आला की फोन तसाही पोरांच्याच हातात असतो.

पहिला विषय दिला 'माझी आजी'. ४७ निबंध आले. वाचायला बसले आणि थक्क झाले. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, न-ण जागच्या जागी. एक मुलगा आहे, त्याला आपण इथं गण्या म्हणू. वहीत तो 'पानी', 'आनी', 'कोन' असंच लिहितो. घरी तसंच बोलतात, आणि जे कानाला येतं ते तो कागदावर उतरवतो, त्यात त्याचं काही चुकतं असं मला कधी वाटलं नाही. फक्त परीक्षेत चालत नाही. त्याच्या निबंधात चक्क 'आजी पहाटे उठून पाणी आणते'. शिक्षक खोलीत मी तो चार जणींना दाखवला. फुशारकीच मारली म्हणा ना.

मग घटक चाचणी झाली. कागदावर, पेनानं. गण्याचं पहिलं वाक्य: 'आजी पानी आनते.'

बोलावून विचारलं, "अरे, फोनवर तर बरोबर लिहिलं होतंस?" तर म्हणतो, "बाई, मी कुठं लिवलं? मी बोल्लो. त्यानं लिवलं."

माइकचं चित्र दाबून तो बोलत गेला होता. तो म्हणाला 'पानी'च, फोननं लिहिलं 'पाणी'. घरी जाऊन सगळे निबंध पुन्हा काढले, तेव्हा जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. निम्म्याहून जास्त निबंधांत एकही पूर्णविराम नव्हता. आजीच्या लग्नापासून तिच्या गुडघेदुखीपर्यंत एकच अखंड वाक्य. शुद्धलेखन पाहून मी इतकी हुरळले होते की हे नजरेतूनच सुटलं.

जी पोरं हातानं टाइप करतात त्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांचे अनुस्वार पार हरवलेत. 'मला बर वाटल', 'आजीन सांगितल', 'कस काय झाल'. वहीत हीच मुलं 'वाटलं' वर टिंब देतात बरं का. गप्पा मारताना टिंब कोण देतंय, ती सवय निबंधात उतरली.

आणि तिसरा प्रकार तुम्हाला माहीतच असेल, कुठून तरी तयार मजकूर आणून चिकटवायचा. एका मुलीचा निबंध आला, 'आजी ही कुटुंबव्यवस्थेचा आधारस्तंभ असून मूल्यसंवर्धनात ती महत्त्वपूर्ण भूमिका बजावते.' त्या मुलीची आजी माझ्या ओळखीची आहे. सोमवारच्या बाजारात मेथी विकते. आधारस्तंभ वगैरे म्हटलं तर मारायला धावेल.

तर विचारायचं असं, की या साधनांनी व्याकरण आणि लेखन खरंच शिकवता येतं का, की ती फक्त पोरांच्या चुका माझ्यापासून लपवतात? इंग्रजीच्या सरांकडे चूक दाखवणारी, का चुकलं ते सांगणारी दहा ॲपं आहेत. मराठीसाठी तुम्ही कोणी काय वापरता? ज्यांनी प्रत्यक्ष वर्गात वापरून पाहिलंय त्यांनी सांगा. 'डिजिटल युगात शिक्षकाची भूमिका' यावर माझी तीन प्रशिक्षणं झालेली आहेत, तेवढं सोडून.

---

खिळेजुळारी

बाई, आधी एक. तुमच्या दुसऱ्याच परिच्छेदात 'महत्वाचा' आहे. महत् अधिक त्व, म्हणजे 'महत्त्व', त दोनदा. खाली त्या मुलीच्या निबंधात तो शब्द बरोबर आलाय, ही त्यातली गंमत. राग मानू नका. ३० वर्षं मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफं तपासायचं काम, केलंय, डोळा तिथंच अडकतो.

आता मुद्द्याचं. मराठीसाठी शुद्धिचिकित्सक आहेत, म्हणजे चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारणारी साधनं. लिब्रेऑफिस हे लेखनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात मराठीचा शब्दकोश जोडता येतो. मी रोज वापरतो. पण वर्गात लाल रेघेवर भरवसा ठेवू नका, आणि का ते मुलांना जरूर सांगा, कारण त्यातच अर्धं व्याकरण आहे.

मराठीचा शब्द कोशात असतो तसा वाक्यात येत नाही. 'घर' कोशात आहे. 'घरच्यांनासुद्धा', 'घरापासूनचं', 'घराघरांतल्या' ही सगळी रूपं कोणत्या कोशात कोंबणार? त्यामुळे बरोबर शब्दाखाली लाल रेघ येते. उलट जो चुकीचा शब्द स्वतः एक खरा शब्द असतो, तो बिनबोभाट निसटतो. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'शिर' म्हणजे डोकं, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'सह्याद्रीच्या दर्या' असं लिहिलं तरी यंत्राला काही वाटत नाही, कारण दर्या म्हणजे समुद्र. हवं असतं 'दऱ्या'. एका लग्नाच्या वृत्तान्तात 'आचार्यांना बिदागी दिली' असं छापून गेलं होतं. द्यायची होती आचाऱ्यांना.

माझा अनुभव विचाराल तर मुलांना लाल रेघ बंद करून द्या आणि 'शोधा'ची खिडकी उघडून द्या. कंट्रोल आणि एफ. सगळ्यात साधं साधन, आणि ते उत्तर देत नाही, फक्त जागा दाखवतं.

कसं ते सांगतो. खिडकीत 'नी' टाका आणि पुढे एक मोकळी जागा. मजकुरातले सगळे 'त्यानी', 'त्यांनी', 'लोकानी', 'लोकांनी' पिवळे होतील. आता प्रत्येक ठिकाणी मुलानं थांबून ठरवायचं, इथं एक माणूस आहे की अनेक, की एकाच माणसाला मान दिलाय? अनेकवचनी सामान्यरूपावर (प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे रूप होतं त्यावर) अनुस्वार, हा नियम पाठ करून कुणाला आला नाही. पन्नास वेळा ठरवावं लागलं की येतो. मग 'ना' आणि मोकळी जागा. मग 'आणी' टाका, म्हणजे 'आणि'तला प्रत्येक दीर्घ णी पकडला जाईल. शेवटचा इकार दीर्घ, हा नियम मुलांना नेमका माहीत असतो म्हणून तर ती 'आणी' लिहितात! ते अव्यय आहे, ऱ्हस्वच राहतं, हा अपवाद.

'गावात' आणि 'गावांत' इथं तर कुठलंच यंत्र कामाचं नाही. दोन्ही बरोबर. कोणतं हवं ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

एक खोच. 'ॲप' शोधाल आणि सापडणार नाही, तर गोंधळू नका. 'ॲ' हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं. त्याआधी लोक अ ला वरून चंद्र चिकटवायचे आणि अजूनही कित्येक कळफलक तेच करतात. दिसायला सारखं, आतून वेगळं. हे विषयाला सोडून आहे, पण एकदा माझी सबंध दुपार यात गेली आहे.

---

टायपिंगवाले, जालना

ताई, मी टंकलेखनाचा क्लास चालवतो, व्याकरण माझा विषय नाही. पण एक गोष्ट रोज डोळ्यापुढं घडते ती सांगतो.

माझ्याकडं दोन तऱ्हेची पोरं येतात. एक इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणारी. 'kavi' असं हाणलं की खाली 'कवी', 'कवि' अशी यादी येते, पहिला दिसेल त्यावर बोट. त्यांना ऱ्हस्व-दीर्घ विचारा, सांगता येत नाही. त्यांनी कधी निवडलंच नाही ना. दुसरी पोरं इनस्क्रिप्ट शिकतात. १९९१ च्या भारतीय मानकातला कळफलक आहे हा, प्रत्येक संगणकात फुकट असतो, नुसता चालू करायचा.

त्यात डाव्या हाताची तर्जनी जिथं टेकलेली असते तिथं, म्हणजे इंग्रजी एफवर, ऱ्हस्व वेलांटी. तिच्या बरोब्बर वर, आरवर, दीर्घ. शेजारी जीवर ऱ्हस्व उकार, त्याच्या वर टीवर दीर्घ उकार. चारही एकाच बोटाची. बोट खाली राहिलं तर ऱ्हस्व, वर गेलं तर दीर्घ. पोरगं 'फूल' टाइप करताना बोट वर नेतं आणि 'फुलाला' टाइप करताना खाली ठेवतं. दोन महिन्यांत बोटाला समजतं. डोक्याला कधी समजतं ते तुम्ही बघा.

आणि ळ, ण, श ही तिन्ही शिफ्ट दाबून येतात. न साधा, ण शिफ्टवाला आणि तोही वेगळ्याच कळीवर. न-ण ची चूक करायची तर मुद्दाम करावी लागते. तुमच्या त्या गण्याला आठ संगणकांतला एक द्या. माझं ऐका, त्याला निबंध देऊ नका. नुसते शब्द द्या, पाणी, लोणी, चटणी, भाकरी, पुरणपोळी. खाण्याचे दिले की पोरं लवकर शिकतात.

---

रविवारची शाळा

मी न्यू जर्सीत रविवारी मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे माझा प्रॉब्लेम तुमच्या उलटा आहे. माझी मुलं 'पाणी' बरोबर लिहितात कारण त्यांनी तो शब्द आधी लिहिलेलाच पाहिला, पण 'तो खुर्ची' आणि 'माझा आजी' म्हणतात. लिंग त्यांना अजिबात लागत नाही. टेबलाला लिंग असतं हेच त्यांना पटत नाही, आणि खरं सांगू, का असतं ते मलाही सांगता येत नाही.

मी एक करते ते कदाचित तुम्हाला उपयोगी पडेल. मुलं गूगल डॉक्सवर लिहितात. मी काहीही दुरुस्त करत नाही. ओळीच्या शेवटी फक्त आकडा टाकते, कॉमेंटमध्ये. '२' म्हणजे या ओळीत दोन चुका आहेत, शोध. पूर्वी मी सगळं लाल करून द्यायचे, मुलं 'ॲक्सेप्ट ऑल' दाबून मोकळी व्हायची. आता त्यांना वाचावं लागतं. आणि त्या फाइलचा जुना इतिहास उघडता येतो ना, त्यात कळतं की मुलानं ओळ तीनदा बदलली की एका झटक्यात अख्खा परिच्छेद आणून चिकटवला. तुमच्या आधारस्तंभ आजीचा तिथं लगेच तपास लागेल.

अजून एक मजा. एका मुलाचे आजोबा नाशिकला असतात. आमचे सकाळचे साडेनऊ म्हणजे त्यांचे संध्याकाळचे सात (उन्हाळ्यात, हिवाळ्यात आठ). ते त्याच फाइलमध्ये येऊन बसतात आणि कॉमेंट टाकतात, 'बाळा, खुर्ची ती.' नातू उत्तर देतो, 'व्हाय?' आजोबा लिहितात, 'तुझी आजी बसते म्हणून.' असं व्याकरण कुठल्या पुस्तकात नाही, पण त्या पोराची खुर्ची पुन्हा कधी चुकली नाही.

---

निवृत्त परीक्षक

मॅडम, चर्चा चांगली चालली आहे, पण जमिनीवर या. दहावीचा पेपर ८० गुणांचा. त्यात भाषाभ्यास, म्हणजे व्याकरण, १६ आणि उपयोजित लेखन, म्हणजे पत्र, बातमी वगैरे, २४. म्हणजे बरोबर निम्मे गुण तुमच्या या विषयाचे, आणि ते सगळे पेनानं मिळवायचे. तिथं माइक नाही, शोधाची खिडकी नाही, आजोबाही नाहीत.

मी २२ वर्षं पेपर तपासले. मुलं व्याकरणात नापास होत नाहीत, समास-अलंकार पाठ करून येतात. गुण जातात पत्रात आणि बातमीत, कारण सलग आठ वाक्यं स्वतःची अशी लिहिलेलीच नसतात. फोननं ती सवय लागत असेल तर वापरा. नसेल तर वही बरी. जे काही पडद्यावर कराल ते त्याच दिवशी हातानं एकदा कागदावर उतरवून घ्या, एवढीच विनंती.

आणि त्या चॅटबॉटांकडून व्याकरण शिकवू नका. आमच्या नातीनं समासाची दहा उदाहरणं मागितली तर त्यानं 'पंचवटी' द्वंद्व म्हणून दिलं, आणि तेही अशा थाटात की एखाद्या नव्या शिक्षकाला वाटावं आपलंच चुकत असेल. पाच वडांचा समूह, द्विगू. हे आम्हाला सातवीत येत होतं.

---

पिवळं पान

मी ग्रंथालयात काम करते, शिक्षिका नाही. पण आमच्या कॉलेजच्या मुलांकडून आम्ही मराठी विकिस्रोतावर मुद्रितशोधन करून घेतो, आणि माझ्या मते शुद्धलेखनासाठी यासारखं साधन नाही. नववीच्या मुलांना झेपेल.

तिथं जुनी, प्रताधिकार (कॉपीराइट) संपलेली पुस्तकं पानापानानं चढवलेली असतात. एका बाजूला छापील पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्रानं वाचून काढलेला मजकूर. यंत्र घ चा ध वाचतं, भ चा म करतं, अनुस्वार खातं, कागदावरच्या डागाला अनुस्वार समजतं. मुलांनी चित्राकडे बघून मजकूर दुरुस्त करायचा. न तपासलेलं पान लाल, एकानं तपासलं की पिवळं, दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवं. म्हणजे आपलं पान आपल्यालाच हिरवं करता येत नाही, दुसरा लागतो. हा नियम मुलांना फार आवडतो. 'माझं पान हिरवं कर ना' म्हणून चहा पाजतात.

मुख्य म्हणजे इथं चूक मुलाची नसते, यंत्राची असते. त्यामुळे लाज नाही. ज्या मुलाची वही नेहमी लाल होऊन परत येते, तो इथं दुसऱ्याच्या चुका काढणारा असतो. बसायची ढबच बदलते.

एक सावधगिरी मात्र. जुन्या पानांवर 'नाहीं', 'केलें', 'कवि' असंच असणार आणि ते तसंच ठेवायचं. शुद्धलेखनाचे आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे, त्यातले १४ शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले आणि ४ आणखी १९७२ मध्ये जोडले. त्याआधीची पुस्तकं त्याआधीच्या नियमांची. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, अप्रतिम आहे, पण दुसरी आवृत्ती १८५७ ची. एखादं चुणचुणीत पोर तिथून 'कवि' दाखवून तुमच्याशी भांडायला येईल. येऊ द्या. नियम आकाशातून पडलेले नाहीत, माणसांनी बसून ठरवलेत आणि बदललेतही, हे कळायला त्याहून चांगली वेळ कुठली?

(परीक्षक काका, 'आजोबाही नाहीत' वर मी मोठ्यांदा हसले. वाचनालयात.)

---

सांगोल्याची बाई

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे गायब होते, सहामाही आणि मग दिवाळी. आता काय काय केलं ते सांगते. सगळंच जमलं असं नाही.

पहिलं, गण्याचा आणि बाकीच्यांचा तो बोललेला मजकूर मी तसाच्या तसा छापून घेतला, विनापूर्णविराम, आणि वर्गात वाटला. संगणक नाही, काही नाही. म्हटलं, प्रत्येकानं स्वतःचा निबंध मोठ्यानं वाचायचा, आणि जिथं श्वास लागेल तिथं पेन्सिलीनं रेघ मारायची. मग त्यातली कुठली रेघ पूर्णविराम आणि कुठली स्वल्पविराम ते ठरवायचं. ४० मिनिटं वर्गात नुसता कालवा. पण १९ वर्षांत विरामचिन्हं इतक्या वेगानं शिकवून झालेली मला आठवत नाहीत. फोनला पूर्णविराम येत नाही हे फार उपकाराचं आहे. त्याला यायला लागण्याच्या आत अजून दोनचार निबंध उरकून घेते.

दुसरं, शोधाची खिडकी. खिळेजुळारी काका, तुमच्या 'नी'नं माझा तास खाल्ला. सगळे निबंध एका फाइलमध्ये जोडले, आठ संगणकांवर टाकले, आणि प्रत्येक गटाला एकेक शोध दिला. एका गटाला 'नी', एकाला 'ना', एकाला 'आणी', असं. मागचे सहा खोड्या काढणार ही माझी भीती होती. झालं उलटंच. पुढचा नुसता बाण दाबतो आणि मागचे सहा ओरडतात, 'दे टिंब! नको देऊ, एकच हाय तो!'

आणि मग 'नी'च्या गटातल्या एका मुलीनं हात वर केला. तिच्या पडद्यावर दोन वाक्यं खाली-वर होती. 'आजीनी भाकरी केली' आणि 'आजोबांनी बैल सोडले'. गटानं ठरवलं होतं की 'आजीनी'चं 'आजीनं' करायचं, कारण आजी एकच. बरोबरच आहे. ती म्हणाली, "बाई, मग आजोबा पण एकच हायत की. त्यांना टिंब का?" मी म्हटलं, आदरार्थी बहुवचन. तर ती म्हणाली, "मग आजीला आदर नाही व्हय?"

वर्ग गप्प. मीही. आई म्हणाली, बाबा म्हणाले. आजी आली, आजोबा आले. आईला 'अगं' म्हणतो ती जवळीक, वगैरे मी काहीतरी बोलले, पण तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपला निबंध नव्यानं लिहून आणला, कागदावर, सगळीकडे 'आजी म्हणाल्या', 'आजींनी भाकरी केली'. मी गुण कापले नाहीत. परीक्षक काका, तुम्ही कापले असते का? खरंच विचारतेय.

विकिस्रोत अजून केलं नाही. ज्या दिवशी ठरवलं त्या दिवशी आमचं इंटरनेट बंद होतं आणि दुसऱ्या दिवशी वीज. एका गुरुवारी दहाच मिनिटं चाललं, त्यात एक पान उघडलं आणि 'नाहीं' बघून पोरांनी ते चुकीचं म्हणून खोडायला घेतलं. थांबवलं. डिसेंबरात पुन्हा बघू.

आधारस्तंभवालीला मी रागावले नाही. तिला म्हटलं, हाच निबंध आजीला वाचून दाखव आणि ती काय म्हणते ते लिहून आण. तिनं आणलं ते असं होतं: 'आजी म्हणाली हे कुणाच्या आजीचं हाय.' तिथून पुढं दीड पान तिचं स्वतःचं होतं. चुका बावीस. मी ओळीच्या शेवटी फक्त आकडे टाकले, न्यू जर्सीवाल्या ताईंसारखे.

गण्याला इनस्क्रिप्ट दिलंय, मधल्या सुट्टीत बसतो. टायपिंगवाले दादा, 'पुरणपोळी' त्याला जमली. 'पाणी' संगणकावर जमतं, वहीत अजून दहातलं सहा वेळा जमतं. पूर्वी शून्य होतं. लिहिताना त्याची डाव्या हाताची बोटं बाकावर हलतात, हे मी दोनदा पाहिलं.

काल हा सगळा धागा वर्गात प्रोजेक्टरवर दाखवला. माझा प्रश्न, आणि त्याखाली खिळेजुळारी काकांनी काढलेली 'महत्वा'ची चूक. ६२ पोरांना इतका आनंद मी कधी दिला नव्हता. पाच मिनिटं बाक वाजत होते. ते थांबल्यावर गण्या मागून म्हणाला, "बाई, तुमी पण बोलूनच लिवलं का?"

नाही रे. हातानं.

---

निवृत्त परीक्षक

'आजी म्हणाल्या'ला मी गुण कापले नसते. बावीस चुकांचे कापले असते.